साऊ

धैदच्या माती-परीक्षणाच्या शेडमध्ये
दुपारी एक ते चार यंत्रं बंद ठेवतात.
उन्हात त्यांचे आकडे भरकटतात.
तेवढ्या वेळात माक बाई मला शिकवतात
त्यांच्या कँटनीजमधली माती,
थोडी मोडक्या इंग्रजीत, उरलेली बोटांनी.

पहिला शब्द, साऊ.
म्हणजे रोड. अंगावर मांस नसलेलं.
दाराशी येणारं मांजर साऊ,
वरच्या मजल्यावरचा नवा पोऱ्या साऊ,
आणि चाळणीखाली साचलेली ही लालसर वाळू,
जिच्यात नत्र शोधायला गेलं
तर आकडा शून्याचा उंबरा ओलांडत नाही,
तीही साऊ.

मी म्हटलं, साऊ.
बाई हसल्या. मी आवाज चढवत नेला होता,
ते झालं 'हात'.
उंच धरून म्हटलं, ते झालं 'गोळा कर'.
खाली पाडलं, तर 'सोसणं'.
रोडपणा मधे असतो, म्हणाल्या,
सपाट, कुरकुर न करता बोलायचा.
तो सूर देवनागरीत कुठे मांडू?
वहीत मी साऊच्या शिरोरेघेवर
आणखी एक शिरोरेघ मारली.

उलट शब्द फेय. लठ्ठ.
त्यांच्या शुन्दाकची माती फेय.
तळ्यातला गाळ उपसून तुतीच्या बुडाशी,
तुतीचा पाला रेशीमकिड्यांना,
किड्यांची घाण पुन्हा तळ्यातल्या माशांना.
"आमच्याकडे आधी माती जेवायची," बाई म्हणाल्या
आणि स्वतःच्या पोटावर थाप मारली.

तुझ्या भाषेत काय म्हणतात?
मी सुटलेच. मुरमाड, बरड, भरड,
चोपण, जिच्यात पाणी मुरतच नाही.
अंगाला वेगळे शब्द, लुकडी, हडकुळी, काटकुळी,
किडकिडीत.
हा त्यांना फार आवडला. दिवसभर
कुंड्यांमधून फिरताना खिट-खिट-खित चाललं होतं.

एक शब्द मी मागे ठेवला.
हलकी.
म्हसवडच्या माळावर आजोबांच्या वाट्याला आलेली जमीन
हलकी होती, आणि गावाच्या तोंडी आम्हीही.
त्यांच्याकडे माती आणि शरीर
एका शब्दात राहतात,
आमच्याकडे माती आणि जात.
सूरसुद्धा बदलावा लागत नाही.
बाईंनी विचारलं, अजून एखादा?
म्हटलं, आहे एक. वजनाला कमी, असा अर्थ.

गुरुवारी वाळूचं वादळ येऊन गेलं.
पिकअपच्या बॉनेटवर बोटभर धूळ.
तिच्यावर बाईंनी एक अक्षर काढलं,
वर 'नाही', खाली 'मोठं'.
ङन. वाफ्यातलं न वाढलेलं रोप,
किंवा माझ्यासारखी बाई.
शाळेत नुसता पाठ केलेला ङ
मी पहिल्यांदा कामाला लावला,
तोही स्वतःला चिडवायला.

मग पुसत पुसत त्या म्हणाल्या,
आमच्यात एक म्हण आहे.
रोड शेत कुणी नांगरत नाही,
नांगरलं, की भांडायला माणसं येतात.
समजलं?
मला नानाकाका दिसला,
सात वर्षं त्याच माळावरचे दगड वेचणारा,
आणि आठव्या वर्षी, पहिली मटकी फुलावर आली तेव्हा,
बांधावर येऊन उभे राहिलेले चौघे,
एकाच्या हातात कसलासा कागद.
समजलं, म्हटलं.
बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
मग त्यांनी नळीने बॉनेट धुतलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली,
वाळलीस गं.
म्हटलं, तसं नाही. साऊ म्हण.
साऊ, ती म्हणाली,
दिवसभराच्या कामानंतरच्या आवाजात,
ना वर ना खाली.
मला महिना लागला होता.

कुणाचं नाव गं हे?
मातीचं, म्हटलं.
तिला ऐकू आलं नसावं, रेंज जात होती.
चित्र थांबलं, तोंड अर्धं उघडं,
आणि मागून आवाज तेवढा आला,
जेवलीस का?